सुकदेवभाऊंच्या हातांवरचा आळ

एरंडोलच्या अलीकडे एक म्हैस रस्ता ओलांडायला निघाली आणि तिथून सगळं सुरू झालं. म्हशीचा यात काही दोष नव्हता. ती आपली डुलत डुलत दुभाजकापर्यंत आली, थांबली, आणि समोरून ताशी ऐंशीच्या वेगाने पांढरी गाडी येते आहे हे बघून, एवढी घाई कशाला अशा चेहऱ्याने पुढे निघाली. सुकदेव फिरक्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, म्हैस गेली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतच्या चार-पाच सेकंदांत स्टीअरिंग असं थडथडलं की सुकदेवभाऊंचे हात मनगटापासून कोपरापर्यंत हलले, आणि शेजारी बसलेल्या सुलक्षणाबाईंनी ते पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचे हात थरथरू राहिले!"

"हात नाही, स्टीअरिंग थरथरू राहिलं."

"स्टीअरिंग काबरं थरथरेल? त्याले काय वय झालं?"

सुकदेवभाऊंना हे वाक्य काळजात लागलं. कारण सुकदेव फिरके म्हणजे कुणी साधा माणूस नव्हे. पाटबंधारे खात्याच्या जळगावच्या कार्यालयात त्यांनी चौतीस वर्षं अनुरेखक म्हणून काढली होती. साहेबाने काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचा, हे अनुरेखकाचं काम. अख्ख्या जिल्ह्याचे कालवे त्यांच्या हातून गेले होते. धरणापासून शेतातल्या शेवटच्या चारीपर्यंतची रेघ एका दमात, पेन न उचलता, एकाच जाडीची. कार्यालयात संगणक आला तेव्हा त्यांच्या साहेबाने भर सभेत सांगितलं होतं की मशीनची रेघ सरळ असते, पण फिरक्यांच्या रेघेत जीव असतो. मशीन घेतलं ते घेतलंच, पण बोलले तर होते. अशा माणसाच्या हातांविषयी, आणि तेही एका म्हशीच्या साक्षीने, बायकोने असं बोलावं म्हणजे काय!

घरी पोचेपर्यंत सुलक्षणाबाईंनी आणखी तीनदा पाहिलं. पारोळा रोडवरचा ट्रक, टोलनाका, शहरात शिरतानाचा गतिरोधक. वेग जास्त असला आणि ब्रेक दाबला की हात थरथरायचे. वेग कमी असला की काही नाही. सुकदेवभाऊंनी हा मुद्दा मांडून पाहिला. त्यावर सुलक्षणाबाई म्हणाल्या, "हो ना. घाबरलं की जास्ती थरथरते माणूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत कॉलनीत सगळ्यांना कळलं. या कॉलनीत बातमी पोचवायला कुणाला मुद्दाम जावं लागत नाही, दळण आणायला गेलं तरी पुरतं. समोरच्या मंजुळाबाई अश्वगंधाची डबी घेऊन आल्या. कोपऱ्यावरच्या निवृत्त तलाठ्यांनी तांब्याचं कडं सुचवलं आणि ते कोणत्या हातात घालायचं यावर स्वतःशीच अर्धा तास वाद घातला. शेजारचे प्रकाशचंद कोठारी, डाळ मिलवाले, अनेक वर्षांचा शेजार आणि घरोबा, त्यांनी तर अंगणात उभं राहून फार हळव्या आवाजात सांगितलं, "सुकदेवभाऊ, उमर आहे. मानून घ्यायचं. रोज चार अक्रोड भिजवून खा." सांगताना ते स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे धरून उभे होते, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतर कॉलनीतल्या कुठल्याही घरी सुकदेवभाऊ गेले की त्यांना चहा अर्धा कप मिळू लागला. बाकीच्यांचे कप काठोकाठ आणि यांचा अर्धा. सांडू नये म्हणून. माणसाचा अपमान करायचा तर तोंडावर चार शब्द बोलावेत, अर्धा कप चहा देऊन गोड हसू नये, असं सुकदेवभाऊंचं स्पष्ट मत झालं.

पुण्याहून ललितने, त्यांच्या मुलाने, व्हिडिओ कॉलवर परीक्षा घेतली. त्याने कुठल्याशा वेबसाइटवर वाचलं होतं की कागदावर आतून बाहेर गोल गोल वेटोळं काढायला लावलं की हाताचा कंप कळतो. सुकदेवभाऊंनी कपाटातून आपलं जुनं शाईचं पेन काढलं, निब धुतली, आणि असं वेटोळं काढलं की प्रत्येक दोन फेऱ्यांमधलं अंतर पट्टीने मोजून घ्यावं. ललितने बराच वेळ ते पाहिलं. "पप्पा, चित्र फारच सुंदर आहे," तो म्हणाला, "पण गाडी नको आता."

मग खरा घाव बसला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली होती. खानदेशात आखाजीला लेक माहेरी येते आणि तिला आणायला बापानं नाहीतर भावानं जायचं असतं. भूमिका लग्न होऊन धुळ्याला गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. मागच्या आखाजीला सुकदेवभाऊंनी तिला स्वतः गाडीतून आणलं, तेव्हा देवपुरातल्या तिच्या सासरच्या दारात ते जे उभे राहिले होते, त्या उभं राहण्याची आठवण त्यांना वर्षभर पुरली होती. यंदा सुलक्षणाबाईंनी फोनवर परस्पर ठरवून टाकलं की व्याही भाईदास पाटील आपल्या ड्रायव्हरसोबत तिला पाठवतील. आणि गाडीची किल्ली त्यांनी देवघरात, देवांच्या मागे ठेवली.

"लेकीले आणाले बापानं जायचं असतं," सुकदेवभाऊ म्हणाले. आवाज जरा चढला होता.

"बापाचे हात धड असले तर," सुलक्षणाबाई म्हणाल्या. मग त्यांचा स्वर खाली आला. "मले भीती वाटते हो. पोरगी राहील गाडीत."

या बोलण्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या खरंच घाबरल्या होत्या, आणि सुकदेवभाऊंना रात्री अंथरुणावर हात छातीवर ठेवून, हलतात का ते पाहत पडावं लागलं. हलत नव्हते. तरी त्यांना खात्री वाटेना, हे सगळ्यात वाईट.

सकाळी उठल्यावर मात्र त्यांनी ठरवलं की गाडीचा गुन्हा सिद्ध करायचा. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायची, लेखी घ्यायचं आणि ते लेखी सुलक्षणाबाईंपुढे ठेवायचं. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाची लेखी गोष्टीवर फार श्रद्धा असते. सुलक्षणाबाईंनी किल्ली दिली, पण शहराबाहेर जायचं नाही या अटीवर.

सर्व्हिस सेंटरमधल्या टाय लावलेल्या मुलीने टॅबवर त्यांची तक्रार घेतली. म्हणजे घ्यायचा प्रयत्न केला. तिच्या यादीत 'ब्रेकला आवाज येतो' होतं, 'ब्रेक कमी लागतो' होतं, 'ब्रेक जड लागतो' होतं, पण ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग थरथरतं असं काही नव्हतं.

"सर, आवाज येतो म्हणून टाकू का?"

"आवाज येत नाही ना पण."

"मग कमी लागतो टाकते."

"उत्तम लागतो. ब्रेक लागतो आणि स्टीअरिंग थरथरतं."

"सर, सिस्टिममध्ये ते नाहीये. मी 'इतर' टाकते." आणि तिने 'इतर' टाकलं. 'इतर'पुढे लिहायची जागा वीस अक्षरांची होती.

एका मेकॅनिकने गाडी सेंटरच्या मागच्या आवारात फिरवून आणली. आवार एवढं की दुसरा गिअर टाकेपर्यंत भिंत येते. तीसच्या वेगाला गाडी ताठ मानेने, सज्जनासारखी चालली आणि सज्जनासारखी थांबली. त्यांनी चाकं बॅलन्स केली, अलाइनमेंट केली, गाडी धुतली, आतून सुगंध मारला, आणि छापील कागद हातात ठेवला. त्यावर लिहिलं होतं: तक्रार आढळली नाही. चालकास योग्य मार्गदर्शन केले.

सुकदेवभाऊंनी तो कागद चारदा वाचला. चौतीस वर्षं गाडी, सायकल, बोट, सर्वेक्षणाची जीप, सगळं पाहिलेल्या माणसाला मार्गदर्शन केले! त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि लपवायचं ठरवलं. पण धुवायला टाकण्याआधी खिसे तपासायची सुलक्षणाबाईंची पद्धत. त्यांनी वाचून तो कागद फ्रिजवर लावून टाकला.

आता एकच मार्ग उरला. धुळ्याला महामार्गाच्या कडेला धनसिंगचं गॅरेज आहे. ट्रकवाले इंदूरपासून मुंबईपर्यंत कुठेही ब्रेकचं काम निघालं तर म्हणतात, थांब, धुळ्यापर्यंत चालव, धनसिंग बघेल. बोर्ड नाही, टाय नाही, टॅब नाही. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी सुकदेवभाऊंनी घरी सांगितलं, "पीयूसी काढून येतो." पीयूसी काढायला दहा मिनिटं लागतात आणि धुळं सव्वाशे मिनिटांवर आहे, हा फरक पुढे केव्हातरी समजावून सांगता येईल असं त्यांनी मानलं.

ते चाळीसच्या वर गेले नाहीत. केळीचे ट्रक त्यांना मागे टाकून गेले, एस. टी. गेली, एक ट्रॅक्टर गेला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या असलेल्या बायकांनी मागे वळून त्यांच्याकडे दयेने पाहिलं. पारोळ्याच्या अलीकडे नेहमीच्या हॉटेलात थांबून त्यांनी चहा घेतला आणि नेहमीप्रमाणे हॉटेलवाल्याकडून गार पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन चारही चाकांवर ओतल्या.

ही त्यांची जुनी शिस्त होती. यावल तालुक्यात त्यांच्या वडिलांची, नथ्थूआबांची, बैलगाडी होती. गाडी कुठूनही आली की आबा बैल सोडण्याआधी चाकांवर पाणी मारायचे. उन्हात लाकूड आकसलं की चाकावरची लोखंडी धाव सैल पडते आणि भर रस्त्यात निघून जाते. म्हणून तापलेल्या चाकाला पाणी, ही नथ्थूआबांनी मुलाला दिलेली पहिली शिकवण. सुकदेवभाऊंनी ती मोटारीलाही लावली, आणि एवढ्यावर न थांबता कॉलनीत सगळ्यांना सांगितली. गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला ते पेढ्यासोबत हा सल्ला देत असत.

धनसिंगच्या गॅरेजात शिरताच त्यांना एक करड्या रंगाची गाडी जॅकवर दिसली. नंबर ओळखीचा होता. शेजारी उपड्या टायरवर, डोक्याला रुमाल बांधून, प्रकाशचंद कोठारी बसले होते.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रकाशचंदांनी घरी राजकुंवरभाभींना सांगितलं होतं की ते अमळनेरला तुरीचे नमुने बघायला जात आहेत. सुकदेवभाऊ पीयूसी काढायला आले होते.

"सुकदेवभाऊ," शेवटी प्रकाशचंदांना राहवलं नाही, "काय सांगू. तीन महिने झाले माझे हात पण थरथरतात. गाडीत. मी तर दोनदा इथल्या नसांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो, चोरून. तो म्हणतो काही नाही. मी म्हणतो, काही नाही तर थरथरतात कशाला? शेवटी त्याच्याच ड्रायव्हरनं सांगितलं, शेठ, आधी गाडी धनसिंगला दाखवा."

"आणि मला अक्रोड खायले सांगत होते!"

"मीपण खात होतो ना भाऊ!" प्रकाशचंद कळवळून म्हणाले. "रोज आठ!"

एवढ्यात धनसिंग गाडीखालून बाहेर आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, आणि त्याचा उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये. त्याने सुकदेवभाऊंची गाडीही जॅकवर घेतली, चाक काढलं, आणि डाव्या हाताने एक घड्याळासारखं यंत्र ब्रेकच्या डिस्कला टेकवून लावलं. मग डिस्क हळूहळू फिरवली. यंत्राचा काटा चौदा घरं पुढे गेला, चौदा घरं मागे आला.

"एक घर म्हंजे मिलिमीटरना शंभरावा भाग," धनसिंग आपल्या अहिराणीत म्हणाला. "डायल लबाड बोलस नही भाऊ. तुमनी डिस्क लहरी मारस. सत्तरना वर ब्रेक दाबा का पॅड त्या लहरीसवर उड्या मारस, आन मंग ते थेट स्टीअरिंगमा येस. शेठनीबी तशीच शे."

"म्हणजे हात—" सुकदेवभाऊंनी दोन्ही हात पुढे केले.

"हातना काय संबंध? हात तं बिचारा धरी बसेल शेत."

सुकदेवभाऊंनी आभाळाकडे पाहिलं. चव्वेचाळीस अंशांचं ऊन होतं आणि ते त्यांना चांदण्यासारखं वाटलं. प्रकाशचंदांनी तर रुमाल सोडून डोळ्यांना लावला. दोन प्रतिष्ठित गृहस्थ एका गॅरेजात, ग्रीसच्या डब्यांच्या मध्ये, एकमेकांचे हात हातात घेऊन उभे राहिले. तेवढ्यात धनसिंगने विचारलं, "पन दोन्ही गाड्यासले एकच रोग कसा? चाकवर पानी कोन टाकस?"

सुकदेवभाऊंनी हळूच प्रकाशचंदांचे हात सोडले.

"मी टाकतो," प्रकाशचंद उत्साहाने म्हणाले. "मिलमधून आलो की लगेच. आम्ही गाळून टाकतो, जीवजंतू मरायला नको. सुकदेवभाऊंनीच शिकवलं."

"तापेल डिस्कवर थंडं पानी पडनं का ती जागा आखडस," धनसिंग म्हणाला. "रोज पडनं का लहर बसस. कोनी सांगं तुमले हाई?"

सुकदेवभाऊंच्या डोक्यात त्या क्षणी पळवाटा फार आल्या. खडी बाहेर आलेला रस्ता, कंपनीचा माल, सर्व्हिस सेंटर. प्रकाशचंद भोळा माणूस, कशावरही विश्वास ठेवला असता. पण हातांवरचा आळ पुसायला आलेल्या माणसाने लगेच दुसऱ्यावर आळ घ्यावा हे त्यांना जमेना. "मी सांगितलं," ते म्हणाले. "आमचे आबा बैलगाडीच्या चाकाले मारायचे. मी मोटारीले मारलं. सगळ्या कॉलनीले मारायले लावलं. प्रकाशचंद, तुमचे तीन महिने मी खाल्ले."

प्रकाशचंद रुमालाची घडी घालू लागले. धनसिंगने मात्र मान डोलावली. "लाकडना चाकले पानी बराबर शे भाऊ. मना बापबी टाके. तुमना आबा चुकनात नही. पन हाई लोखंड शे, लोखंडले कोनी आंघोय घालस का?"

आबा चुकले नाहीत हे ऐकून सुकदेवभाऊंचा अर्धा जीव खाली पडला. उरलेला अर्धा पुढच्या वाक्याला वर गेला. डिस्क अजून जाड होत्या, लेथवर फिरवून त्यांचं तोंड सपाट करता आलं असतं, पण लेथ चालवायला माणूस नव्हता. धनसिंगचा हात प्लास्टरमध्ये, आणि कारागीर? "बठ्ठा बहिनीसले लेवाले गयात. आखाजी शे ना! चार दिन कोनी येत नही."

"पण मला लेक आणायची आहे!" सुकदेवभाऊ ओरडले. "उद्या आखाजी. आज आणायची आहे."

धनसिंगने लेथकडे पाहिलं, मग प्लास्टरकडे. कापणारं टूल आपोआप सरकवणारं मशीनचं गिअर तुटलेलं होतं. डिस्क फिरत राहील, पण टूल पुढे सरकवायला एक छोटं हँडल हाताने फिरवावं लागेल, एका गतीने, न थांबता, न घाई करता. जरा हात अडखळला की डिस्कवर वळ पडेल आणि ती भंगारात जाईल. "मी बांधणी करी देस, कटनी खोलीबी लावी देस. पन हँडल फिरावाले हात पाहिजे. असा हात का जो थरथरस नही."

सुकदेवभाऊंनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

आधी एका भंगार डिस्कवर दोनदा सराव झाला. मग त्यांची स्वतःची डिस्क चढली. मशीन सुरू झालं. सुकदेवभाऊ स्टुलावर पाठ ताठ करून बसले, दोन्ही हातांच्या बोटांत ते हँडल धरलं, श्वास घेतला, आणि निघाले. कालव्याची रेघ काढताना ते असेच निघायचे. धरणाशी सुरुवात केली की शेवटच्या चारीपर्यंत थांबायचं नाही, घाम आला तरी पुसायचा नाही, साहेब आला तरी उठायचं नाही. टूलखालून बारीक, काळा भुसा झरू लागला आणि मागे रुपेरी चकाकी उरू लागली. प्रकाशचंदांनी मोबाइल काढून चित्रण सुरू केलं, आणि ते करताना श्वास घ्यायचं विसरले. मध्येच सुकदेवभाऊंच्या नाकाच्या शेंड्यावर एक माशी बसली. बसली, फिरली, कंटाळून गेली. हँडल फिरत राहिलं.

दोन्ही गाड्यांच्या पुढच्या चाकांच्या मिळून चार डिस्क, दोन बाजू, आठ कट. घड्याळाकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण शेवटचा कट संपला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. धनसिंगने बसायची जागा गंज खरवडून साफ केली, डिस्क गाडीवर चढवली, डायल लावला आणि फिरवली. काटा दोन घरांत हलला. धनसिंगने डायल झटकून पाहिला. पुन्हा दोन घरं.

"मना कारागीर चारना खाले येत नही," तो म्हणाला. मग त्याने सुकदेवभाऊंचा उजवा हात आपल्या डाव्या हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, बाजारात बैल पाहतात तसा. "हाऊ हात थरथरस, असं कोन म्हनस? त्याले मनाकडे लई या."

नोकरी सुटल्यापासून त्या हातांना कुणी काही विचारलं नव्हतं, आणि अलीकडे विचारलं ते असं. सुकदेवभाऊंनी पाणी पिण्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

"व्हिडिओ ग्रुपवर टाकू?" प्रकाशचंदांनी विचारलं.

"टाका. आणि खाली लिहा, चाकाले पाणी मारू नका, चूक सुकदेव फिरक्यांची होती."

"ते कशाला लिहायचं?"

"लिहा. नाहीतर मी लिहितो." प्रकाशचंदांनी लिहिलं, आणि शेवटी स्वतःहून एक ओळ जोडली: माझे पण हात थरथरत होते, प्र. कोठारी. कॉलनीच्या ग्रुपवर ही ओळ वाचून राजकुंवरभाभींना नवरा अमळनेरला नाही हेही कळलं, पण तो त्यांच्या घरचा प्रश्न.

मग बाहेरच्या रस्त्यावर धनसिंगच्या सांगण्यानुसार साठपर्यंत जायचं, हलकेच ब्रेक लावून दहावर यायचं, असं वीस वेळा. नवीन तोंड पॅडशी जमवून घ्यायला हे लागतं. विसाव्या वेळेनंतर ऐंशीवरून ब्रेक. स्टीअरिंग हललं नाही. सुकदेवभाऊंनी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा करताना ते मोठ्याने हसत होते आणि शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याने वेग वाढवला.

त्यांनी घरी फोन लावला. "सुलक्षणा, मी धुळ्यात आहे."

"माहीत आहे," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "चारदा पाहिला व्हिडिओ." मग त्या म्हणाल्या, "ती माशी मी पाहिली. आता गेलेच आहात तर पोरीले घेऊनच या."

देवपुरात भाईदासभाऊंनी दारात स्वागत केलं, पण ड्रायव्हरचा आग्रह सोडला नाही. उन्हाचा, रहदारीचा, वयाचा विषय निघाला. भूमिका आतून बॅग घेऊन आली आणि ती सरळ पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर टाकून पुढे बसली. "मी पप्पांसोबत जाते," एवढंच म्हणाली. सासऱ्यांना वाकून नमस्कार करायला तिला पुन्हा उतरावं लागलं, पण मुद्दा पोचला.

निघाल्यावर तिने दारावरच्या हँडलला घट्ट धरलं होतं. सुकदेवभाऊंनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. पहिला ट्रक आडवा आला, त्यांनी ब्रेक लावला, गाडी लोण्यासारखी थांबली. दुसऱ्यांदा भूमिकाने त्यांच्या हातांकडे चोरून पाहिलं. तिसऱ्यांदा तिने हँडल सोडलं. मग सासूचं कौतुक, नणंदेची तक्रार, नोकरीचं काय झालं, सगळं बोलत बोलत पारोळं मागे गेलं आणि बोलणं मध्येच थांबलं. तिची मान खिडकीकडे कलली होती, तोंड किंचित उघडं, अगदी सहावीत असताना शाळेच्या सहलीहून आली तेव्हा झोपली होती तशी.

त्यानंतर जळगावपर्यंत सुकदेवभाऊंनी जे ब्रेक लावले ते कुठल्याही यादीत लिहिता येणार नाहीत. गतिरोधक आला की शंभर पावलांवरून वेग कमी. सिग्नलला असे थांबले की गाडी थांबली हे त्यांनाही काचेबाहेर बघून कळलं.

कॉलनीच्या फाटकाशी सगळे जमले होते. प्रकाशचंद आधी पोचले होते आणि त्यांनी झेंडूचा हार आणवला होता. तलाठी, मंजुळाबाई, आणि गेले आठ दिवस ज्यांनी ज्यांनी अर्धा कप चहा दिला ते सगळे. सुकदेवभाऊंनी रस्त्याने एक भाषणही तयार केलं होतं, त्यात अनुरेखकांचं राष्ट्रासाठी योगदान असा एक परिच्छेद होता. ढोलवाल्याने काठी उचलली.

सुकदेवभाऊंनी काचेआडून ओठांवर बोट ठेवलं.

ढोलवाला थांबला. सगळे वाकून बघू लागले आणि मग एकेक करून, चपला न वाजवता, मागे सरकले. प्रकाशचंद हार हातात धरून पुतळ्यासारखे उभे राहिले. सुलक्षणाबाई चवड्यांवर चालत खिडकीशी आल्या. त्यांनी आत पाहिलं, झोपलेल्या पोरीकडे, तिच्या सुटलेल्या हातांकडे, आणि मग नवऱ्याकडे. त्यांचे डोळे भरून आले होते. "गाडी चालूच ठेवा," त्या ओठांनीच म्हणाल्या. "एसी बंद झाला तर उठेल ती."

भाषण राहिलं ते राहिलंच. कॉलनी ऊन सोसत पाऊण तास कुजबुजत उभी राहिली आणि सुकदेवभाऊ स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून आपल्या लेकीची झोप राखत बसून राहिले. त्या पाऊण तासात त्यांचे हात कसे आहेत हे कुणी एकदाही वाकून पाहिलं नाही.